पाणबुडीची चिठ्ठी आणि मामाचा कान

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवायला वेळ लागत नाही. माझ्या धाकट्या मामाचे. शाळेतले गुरुजी, वसतिगृहात जागा देणारे सद्गृहस्थ, कॉलेजातले प्राध्यापक, या सगळ्यांनी मला हात दिला आणि मी ते विसरलेलो नाही. पण ते सगळे नंतर आले. मामा आधीपासून होता. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली तेव्हा मी चालत होतो की नव्हतो, हेही मला ठाऊक नाही. मामाने मला खांद्यावर घेतले आणि आईला म्हणाला, "याले मी पान्यात नाई घालत. हा शिकन." आईने हे मला पुढे इतक्यांदा सांगितले, की ते मी स्वतः ऐकल्यासारखे वाटते.

पाण्यात घालणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. आम्ही ढिवर. नागभीडहून दोन-अडीच कोसांवर आमचे गाव, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, आणि गावाच्या उशाला एक जुना तलाव. आमची माणसे तलावात जाळी टाकत, शिंगाडे लावत, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या बांधीत राबत. मामाचे काम जरा वेगळे होते. तो बुड्या होता. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची दगडी मोरी असते. तिला एकाखाली एक भोके, आणि प्रत्येक भोकात चिंध्या व चिकणमाती लावून ठोकलेले लाकडी बूच. तलाव भरलेला असला की वरची बुचे पाळीवरूनच काढता येतात. पाऊस कमी झाला की वरची भोके कोरडी पडतात आणि उरते ते तळाचे बूच, दोन पुरुष खोल पाण्याखाली, गाळात. ते काढायला माणसालाच जावे लागते. आश्विनात धान पोटरीत असते. तेव्हा पाणी मिळाले तर दाणा भरतो, नाही तर लोंब्या पोचट राहतात. त्या आठ-दहा दिवसांत सगळे गाव मामाशी फार गोड बोलत असे.

खाली जाताना बुड्याच्या कमरेला दोर असतो. बूच निघाले की पाणी भोकाकडे एकदम ओढ घेते आणि हात, कधी खांदासुद्धा, त्या ओढीत अडकतो. तेव्हा वरच्या माणसाने दोर खेचून त्याला सोडवायचे. हा दोर धरायचा मान भाच्याचा. आमच्याकडे भाचा देवाच्या जागी असतो. मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या पडत नाही. भाचा गावात नसेल तर बुड्या उतरत नसे. एका वर्षी आधीच्या बुड्याचा भाचा लांबच्या गावाहून यायचा होता म्हणून सबंध गाव चार दिवस आभाळाकडे बघत बसले होते. आणि माणूस पाण्याखाली असेपर्यंत पाळीवर कोणी बोलायचे नाही. बायका, गुराखी, पंच, सगळे गप्प. मी मॅट्रिकला असताना पहिल्यांदा दोर धरला. मामाने माझ्या पायांवर डोके ठेवले, लांब श्वास घेतला आणि तो गेला. त्या शांततेत माझ्या छातीचे ठोके मला इतके मोठे ऐकू आले, की ते पाळीवरच्या सगळ्यांना ऐकू जात असतील या विचाराने मला लाज वाटली.

सबमरीन हा शब्द मी ऐकला तो दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडे आठवड्याचे वर्तमानपत्र येई आणि त्यात पाणबुडीने अमुक बोट बुडवली, असे छापलेले असे. पुढे ब्रह्मपुरीच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात तिचे चित्रच होते. सुट्टीत घरी आल्यावर मी ते अंगणात काडीने काढून मामाला दाखवले.

"लोखंडाची?" मामा म्हणाला. "आन् बुडत नाई?"

"बुडते ना. बुडासाठीच केली हाये. मंग वर येते."

"किती लोकं राह्यतेत?"

"पन्नास-साठ."

"बापा! आन् वरतून दोर कोन धरते?"

"दोर नसते, मामा."

मामाने चित्रावरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाला, "त्यायले भाचे नसन." मामी तांदूळ पाखडत होती. ती इतकी हसली की सूप कलंडले.

मी नागपूरला कॉलेजात असताना मामा वर्षातून दोनदा वसतिगृहावर येई. खांद्यावर तांदळाचे गाठोडे आणि पळसाच्या पानांत बांधलेली सुकी मासळी. त्या मासळीचा वास जिन्यातूनच वर येई, आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडे, "अरे, समुद्र आला वाटतं!" ओरडणाऱ्याने समुद्र पाहिलेला नसे. मीही पाहिला नव्हता. मामाला ही थट्टा कळत असे, पण राग येत नसे. तो मला विचारी, "समुद्राले मोरी कुठी असन रे?"

मी बी.ए.च्या वर्षात होतो तेव्हा त्याचा उजवा कान वाहू लागला. कानात कापूस घालून तो हिंडे आणि लोक त्याच्या डाव्या बाजूला येऊन बोलत. आई त्याच साली गेली.

मी पदवीधर झालो. आमच्या गावात कोणी झाले नव्हते. नागपूर तेव्हा राजधानी होती. सरकारी कामकाज आपल्या भाषांत चालावे म्हणून इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द ठरवायचे काम एका कचेरीत चाले, तिथे मला साहाय्यकाची जागा मिळाली. एका चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द, खाली त्याचे अर्थ आणि उपयोग, मग सुचवलेले मराठी शब्द, शेवटी साहेबांची सही. आम्ही साहाय्यक चिठ्ठ्या तयार करायचो आणि साहेब त्या परत पाठवायचे. माझ्याकडे एस अक्षराचा गठ्ठा होता. आश्विनाच्या सुरुवातीला त्यातून 'सबमरीन' वर आला.

मला वाटले, ही चिठ्ठी दोन मिनिटांची. सबमरीन म्हणजे ती लोखंडी बोट, माझ्या मामाच्या अंगणात काढलेली. जाडे कोश उघडल्यावर दिसले की बोट फार नंतरची. आधी तो शब्द विशेषण होता. समुद्राच्या पाण्याखाली जे जे आहे ते सगळे सबमरीन. तळावरून टाकलेली तारायंत्राची तार, पाण्याखालचे डोंगर, तिथल्या वनस्पती, तिथे होणारे भूकंप, बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग. पाण्याखालून चालणारी बोट निघाली तेव्हा लोक 'सबमरीन बोट' म्हणत, मग कंटाळून त्यांनी बोट गाळली आणि विशेषणच तिचे नाव झाले. हे सगळे मी सुवाच्य अक्षरात लिहिले. खाली सुचवण्या म्हणून 'पाणबुडी', 'जलांतर्गामिनी' आणि 'अंतःसागरी' असे तीन शब्द मांडले, आणि चिठ्ठी साहेबांसमोर ठेवली.

साहेब संस्कृतचे मोठे जाणकार, मनाने सरळ, पण शब्दाच्या बाबतीत कोणाचे न ऐकणारे. त्यांनी 'पाणबुडी'वर पेन्सिल टेकवली. "हा वर्तमानपत्रांचा शब्द. उद्या समुद्राखालच्या तारेचा कायदा आला तर काय लिहाल? पाणबुडी तार?"

समोरच्या टेबलावर भंडाऱ्याचे एक वयस्क कारकून बसत. ते म्हणाले, "आमच्याकडे पाणबुडी म्हणजे ते छोटं बदक, साहेब. दिसलं म्हणता म्हणता गडप. त्याच्यावर सरकार तोफ बसवनार काय?"

साहेबसुद्धा हसले. मी धीर करून म्हणालो, "आमच्या भागात खाली जाऊन काम करणाऱ्या माणसाला बुड्या म्हणतात."

"कशाच्या खाली? समुद्राच्या?"

"तलावाच्या."

"मग तो यात येत नाही. या शब्दाच्या पोटात समुद्र आहे. तलावाला ही चिठ्ठी लागू नाही." त्यांनी चिठ्ठी परत केली. "आणखी दोन कोश पाहा."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या खोलीत आम्ही चौघे बसत होतो आणि चौघांपैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता, हे माझ्या मनात आले, पण तो काही मुद्दा नव्हे. मी आणखी दोन कोश पाहिले. त्याच दुपारी गावाकडून कार्ड आले.

मामाला लिहिता-वाचता येत नसे. त्याची पत्रे मास्तर लिहीत, आणि माझी आलेली पत्रे मास्तरच त्याला वाचून दाखवत. पण हे कार्ड मास्तरांचे स्वतःचे होते. त्यात लिहिले होते: मामाच्या कानातून आता पू येतो. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी बजावले आहे, की उजवा कान गेलाच. यापुढे खोल पाण्यात उतराल तर डावाही जाईल. यंदा पाऊस लवकर गेला आणि तलाव अर्धाच आहे. गावातला दुसरा बुड्या बल्लारपूरला कोळशाच्या खाणीवर गेला तो परत आलेला नाही. लोक मामाला विनवत आहेत. मामा एवढेच म्हणतो, भाच्याले बलवा. तू काय ते ठरव.

ते कार्ड मी कोशात ठेवले आणि पुढची चिठ्ठी घेतली. लिहिता येईना. उठून पाणी प्यायलो. परत बसलो. खिडकीपाशी गेलो. भंडाऱ्याचे कारकून म्हणाले, "काय भाऊ, मुंग्या हायेत काय खुर्चीत?" पहिल्या दिवशी मला वाटले, आपण गेलोच नाही तर बरे. भाचा नाही म्हणजे दोर नाही, दोर नाही म्हणजे मामा उतरणार नाही. मग गावाचे धान डोळ्यांसमोर येई. मामाची स्वतःची एवढीशी बांधी पाटाच्या अगदी शेवटाला होती, तिला पाणी सगळ्यात शेवटी मिळे. ज्या तांदळावर मी शिकलो तो त्याच बांधीतला. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी चालत इतवारीच्या स्टेशनावर गेलो, नागभीडकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी सुटताना पाहिली आणि परत आलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आले, की न जाऊन गप्प बसणे हा भित्रेपणा आहे. जायचे आणि मामाच्या तोंडावर सांगायचे, मी दोर धरत नाही. भाच्याचा शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. कान वाचेल. धानाचे काय करायचे ते मग पाहू, अर्ज करू, शिकलो कशासाठी?

साहेबांकडे रजा मागितली. कारण विचारल्यावर सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "तीन दिवस. ती सबमरीनची चिठ्ठी तुम्ही परतल्यावर करा."

छोटी गाडी फार हळू चालते. त्या दिवशी ती मला उभीच वाटत होती. प्रत्येक स्टेशनावर मी खाली उतरायचो आणि इंजिनाकडे बघायचो. समोर बसलेल्या म्हातारीने विचारलेच, "कोनाले न्यायले जाऊन राह्यला का बाबू?" नागभीडला उतरून गावापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना धान उभे होते, हिरवे, पण पानांची टोके वळायला लागली होती.

पाळीवर माणसे बसलीच होती. "आले, भाचेसाहेब आले!" एकजण ओरडला. "साहेब, कोट काढा. कोटावर दोर शोभत नाई." सगळे हसले, आणि त्या हसण्यात सुटका होती. त्यांच्या मते काम झाले होते.

मामा घराच्या ओट्यावर जाळे शिवत होता. त्याने मान वळवून डावा कान माझ्याकडे केला. "आला का बाबू? जेवला नसशीन."

"मामा, मी दोर धरत नाई."

त्याचा हात थांबला. "काऊन?"

"डाक्टरनं काय सांगितलं तुमाले?"

"डाक्टरची बांधी हाये का इथी?"

मामी दारातून म्हणाली, "सांग बाबू, सांग त्याले. मायं आयकत नाई. आता एका कानानं आयकत नाई, मंग दोनी कानानं आयकनार नाई, याले बरंच हाये."

तोवर पाळीवरची माणसे मागोमाग आली होती. त्यांच्यातले म्हातारे पंच माझ्याजवळ बसले. "बाबू, तू शिकला, आमाले आनंद हाये. पन कायच्या भरोशावर शिकला? याच पान्याच्या ना? तलावाचे मालक मालगुजार गेले, तलाव सरकारात गेला. ओव्हरसियर मोरीले लोखंडी दार बसवतो म्हनून मोजून गेला, त्याले दोन साल झाले. आमी कोनाले सांगावं?"

"भाऊ, मी ओव्हरसियरला अर्ज लिहितो. पंप मागवतो."

"अर्ज पोचेपर्यंत धान राह्यते का?"

"मंग मी उतरतो," मी म्हणालो. "मामा दोर धरन."

कोणीतरी हसले. मामा मात्र उठून उभा राहिला. मी त्याला इतका रागावलेला कधी पाहिला नव्हता. "भाच्याले पान्यात घालू? मी? मायी बहीन वरतून पाह्यत असन, तिले काय तोंड दाखवू?" मग तो खाली बसला आणि जाळ्याची गाठ शोधू लागला. गाठ सापडल्यावर शांतपणे म्हणाला, "नाई धरत ना तू दोर?"

"नाई."

"दुसऱ्या कोनाच्या हातात देऊ नोको म्हन्तो?"

"नोको."

"बरं," मामा म्हणाला. "तुया शब्दाच्या वर मी नाई."

म्हातारे पंच उठून गेले. मामीने मला ताट वाढले. मला वाटले, जिंकलो. मी त्या 'बरं'वर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत बसून मी ओव्हरसियरला अर्ज लिहू लागलो. मास्तर वर्गात पाढे घेत होते. अर्ज चांगला व्हावा म्हणून मी दोनदा फाडला. तिसऱ्या वेळी मोरीच्या जागी 'जलनिर्गमद्वार' असा आमच्या कचेरीतला ताजा शब्द लिहिला आणि तो बरोबर आहे ना, म्हणून थांबलो. तेव्हा मला जाणवले, की काहीतरी कमी झाले आहे. तलावाकडून मघापर्यंत धुण्याचे आवाज येत होते, ते आता येत नव्हते. कोणी गुरांना हाकत नव्हते. मास्तरही पाढा सोडून दारात आले आणि माझ्याकडे पाहू लागले. गावात एकही माणूस बोलत नव्हता.

मी धावलो. पाळीवर सगळे गाव उभे होते, सगळ्यांची तोंडे पाण्याकडे. मोरीच्या दगडावर मामाचे धोतर घडी करून ठेवलेले, आणि त्याच्या शेजारी दोराचे वेटोळे. कोरडे. दोर कोणाच्याच हातात नव्हता. मला ओरडायचे होते, पण माणूस खाली असताना ओरडत नाहीत, आणि त्या क्षणीसुद्धा तो नियम माझ्याकडून मोडला गेला नाही. मी मामीचा हात धरून उभा राहिलो. पाण्यावर मधूनच बुडबुडे येत, मग येईनात. मामीची नखे माझ्या मनगटात रुतली होती.

मग पाळीच्या पलीकडे, पाटात, पाणी आले. आधी एक खाकरल्यासारखा आवाज, मग धो धो. तरी कोणी बोलले नाही, कारण मामा वर आला नव्हता. तो आला तेव्हा मोरीपासून बराच लांब आला, एका हातात बूच, दुसरा हात खांद्यापर्यंत सोललेला. दोघांनी उडी मारून त्याला धरले. आता सगळे एकदम ओरडू लागले, बायका रडू-हसू लागल्या, पाटाच्या बाजूला माणसे धावत सुटली. मामाच्या डाव्या कानातून रक्ताची एक धार मानेवर आली होती. त्याला दगडावर बसवले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पानी सुटलं नाई का? आवाज नाई येऊन राह्यला."

पाट त्याच्या पाठीमागे दहा हातांवर गर्जत होता.

मी मान हलवून हो म्हणालो. तो हसला.

नंतर म्हाताऱ्या पंचांनी मला सांगितले, की पहाटेपासून तिघेजण दोर धरायला पुढे झाले होते. मामाने कोणाला हात लावू दिला नाही. म्हणाला, भाच्यानं नाही म्हटलेला दोर मी दुसऱ्याच्या हातात दिला तर त्याचा अपमान होईल. दोर नाही तर नाही. माझा शब्द त्याने अक्षरशः पाळला होता. मी दोराला नाही म्हटले होते, आणि तो दोर न घेता गेला.

मामाला बैलगाडीने ब्रह्मपुरीला नेले. वाटेत मी त्याच्याशी सारखा बोलत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग आपणच बोलू लागला, फार मोठ्या आवाजात: बूच फुगले होते, गाळ पुष्कळ बसला आहे, हात अडकला तेव्हा सुटता सुटेना. डॉक्टरांनी कान तपासला. मी विचारले, दोर असता आणि लवकर वर ओढता आले असते, तर? डॉक्टर कापूस भिजवत राहिले. शेवटी म्हणाले, महिनाभर वाट पाहा.

माझी रजा संपली होती. नागपूरला परत आलो. साहेबांनी मामाचे विचारले, मी सांगितले. त्यांनी माझ्या टेबलावरची सबमरीनची चिठ्ठी स्वतःच उचलून नेली. संध्याकाळी ती सही होऊन आली. नावासाठी 'पाणबुडी', विशेषणासाठी 'अंतःसागरी'. त्यांनी मत का बदलले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आठवड्यापूर्वी मला याचा फार आनंद झाला असता. मी चिठ्ठी खोक्यात लावली आणि पुढची घेतली.

तो महिना मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. जेवताना उठायचो. एका रस्त्याने निघून दुसऱ्याच रस्त्याला लागायचो. कचेरीत कोणी मागून हाक मारली की दचकायचो, आणि लगेच मनात येई, मला ऐकू तरी आले. मी मामाला दर आठवड्याला पत्र लिहीत होतो. शेवटी मास्तरांचे पाकीट आले. धान चांगले भरले होते, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचले होते. डॉक्टरांनी पुन्हा कान पाहिला, आता त्यातून ऐकू येण्यासारखे नाही म्हणाले. मास्तरांनी पुढे लिहिले होते: तुझी पत्रे मी नेहमीप्रमाणे त्याला वाचून दाखवतो. तो माझ्या तोंडाकडे पाहत बसतो. संपल्यावर विचारतो, "झालं का वाचून?" मी मान हलवतो. मग तो पत्र घेतो आणि आढ्याला खोचून ठेवतो.

मी चार पत्रे पाठवली होती. त्यांतले एकही मामापर्यंत पोचले नव्हते. त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. खोलीत फेऱ्या मारल्या, आणि मग बसून हे पत्र लिहिले. कचेरीच्या सवयीने आधी कच्चे लिहिले होते, तो कागद माझ्याजवळ राहिला.

मामा,

आपल्यात भाचा मामाच्या पाया पडत नाही. कागदावर पडलो तर कोणी पाहणार नाही, म्हणून पडतो.

हे पत्र कोणी वाचून दाखवू नये, असे मी मास्तरांना वेगळे कळवले आहे. हे तुम्ही स्वतः वाचायचे आहे. आज ते जमणार नाही. पुढच्या महिन्यात मी पाटी घेऊन येतो. पंधरा दिवसांची रजा मागितली आहे, साहेब देतील. मी नागपूरला परतल्यावर मास्तर रोज एक अक्षर देतील. पाण्याखालच्या काळोखात नुसत्या हाताने तुम्ही बूच ओळखता, तर दिवसाउजेडी डोळ्यांनी अक्षर ओळखणे तुम्हाला जड नाही. चिडून तुम्ही पाटी फेकाल आणि मामी हसेल. हसू द्या. तिलाही बसवा शेजारी.

जे सांगायचे ते आजच लिहून ठेवतो, कारण नंतर मला धीर होईल की नाही, सांगता येत नाही. मी दोर धरायला नाही म्हटले ते तुमचा कान वाचावा म्हणून. पण तेवढेच नव्हते. दोर माझ्या हातात असताना तुम्हाला काही झाले तर काय, ही भीती होती. ती मी पाळीवर कोणाला सांगितली नाही, तुम्हालाही नाही. डॉक्टरचे नाव पुढे केले. मला वाटले, भाचा नाही म्हणाला की तुम्ही थांबाल. तुम्ही माझा मान राखायला दोराशिवाय जाल, हे मला कळायला पाहिजे होते. मी तुमच्याच घरात वाढलो. चूक माझी आहे.

ओव्हरसियरला तीन अर्ज गेले आहेत. चौथा घेऊन मी स्वतः जाणार आहे. दार बसो न बसो, तुम्ही आता उतरायचे नाही. हे मी भाचा म्हणून सांगत नाही, कारण त्याचा काय उपयोग होतो ते मी पाहिले. विनंती करतो.

वाचून झाले की मला उत्तर लिहा. मास्तरांच्या हातून नको, तुमच्या हातचे पाहिजे. एक ओळ असली तरी चालेल, वाकडी असली तरी चालेल. माझ्यावर राग असेल तर तोच लिहा. मी वाट पाहतो.

तुमचा
भाचा